शिडीवर बोट उचलायचं नाही

माऊस घ्यायला राजारामपुरीत गेलो होतो. जुन्या माऊसच्या पोटातली गोळी मळानं अडकायला लागली होती. मी डावीकडं सरकवायचो आणि गेममधली पडद्यावरची नजर जाऊन आभाळाला चिकटायची. गोळी काढून रुमालानं पुसली, रॉकेल लावून बघितलं. थोडे दिवस बरं चाललं, परत तेच. चन्नवीरचं दुकान पहिल्यापासून ओळखीचं. आमची श्रुती इंजिनिअरिंगला गेली तेव्हा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. त्यानं एक मोठा खोका काउंटरवर ठेवला. "काका, सेटच न्या की. माऊस, कीबोर्ड दोन्ही. तुमचा कीबोर्ड बी लई म्हातारा झालाय." मी म्हणालो, "कीबोर्ड नको. कीबोर्ड तिच्याकडं असतोय." आणि खिशात हात घातला. अंजना, माझी बायको, गेली तेव्हा जलदानाला चन्नवीर आला होता, पंगतीत जेवून गेला होता. खोका परत फळीवर ठेवायला तो वळला आणि जरा जास्तच वेळ पाठमोरा राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. जीभ घसरली असं नव्हतं. मला खरंच तसं वाटलं होतं, की मी माऊस घेऊन घरी जाईन, ती शिलाई मशीनवरनं उठेल, माझ्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसेल आणि कीबोर्ड आपल्याकडं ओढून घेईल. "बरं, माऊसच न्या," चन्नवीर म्हणाला. "ह्यात गोळी न्हाई बगा. उजेडावर चालतंय." परीख पुलाखालून शाहूपुरीकडं चालत येताना मी ती पिशवी छातीशी धरली होती. पुलाखाली एक सिटी बस अडकली होती. तिच्या ड्रायव्हरनं मला ओळखलं, हात केला. मीही केला. मी तीस वर्षं तीच बस चालवली, निदान तशीच.

गेम एका माणसानं खेळायचा आहे, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. श्रुतीच्या वर्गातल्या संग्रामनं सीडी आणून कॉम्प्युटरमध्ये घालून दिला होता. दोघं मिळून प्रोजेक्ट करायची आणि कंटाळा आला की तो खेळायची. मग श्रुतीला पुण्याला नोकरी लागली. कॉम्प्युटर घरीच राहिला. अंजनानं उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचं त्याला झालर लावून आवरण शिवलं, टीव्हीला होतं तसंच. बरेच दिवस तो आवरणाखाली गप्प बसला होता. एका दुपारी शिवायला काही नव्हतं, माझी सुट्टी होती, आणि ती म्हणाली, "ते बर्फाचं लावा की. पोरगी लावायची ते." मी लावलं. एक होडी येते. काळं पाणी. आपण होडीत बसलेले असतो. आपण दिसत नाही, फक्त आपले दोन हात दिसतात, हातात बंदूक, आणि तोंडासमोर श्वासाची वाफ. होडी धक्क्याला लागते आणि समोर सगळं गाव पांढरं. एकही माणूस नाही. दुकानांच्या पाट्या वाऱ्यावर कुरकुरतात. कुठंतरी लांब रेडिओवर एक बाई कुठल्यातरी भाषेत गाते. अंजना पुढं झुकून बघत राहिली. आम्ही दोघांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "किती गप हाय ओ." आणि खांद्यावरचा पदर ओढून घेतला. एप्रिल महिना होता.

पडद्यावरच्या त्या न दिसणाऱ्या माणसाला आम्ही पावणा म्हणायचो. पावण्याला चालवायला डावा हात कीबोर्डवर लागतो आणि बघायला उजवा हात माऊसवर. मला उजव्याचं लगेच जमलं. डावा काही केल्या ऐकेना. आयुष्यभर त्यानं गियर टाकला, बाकी त्याला काही ठाऊक नाही. अंजनानं एकटीनं करून बघितलं, तर तिला गरगरायला लागलं. मग ती म्हणाली, "तुमी बगा, मी चालवते." एवढंच ठरलं. चार बटणं होती चालायची. पुढं जायचं बटण न बघता सापडावं म्हणून तिनं कपाळावरची टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. पुढं टिकल्या झिजायच्या, निघून यायच्या, ती नवी लावायची. मरून रंगाची, बारकी. आणि मी तिला बेल द्यायचो. बसमध्ये कंडक्टर दोनदा बेल मारतो तेव्हा गाडी हलवायची, एकदा मारली की थांबवायची. मी म्हणायचो "डबल", ती टिकली दाबायची. मी म्हणायचो "सिंगल", ती बोट उचलायची. एवढी वर्षं दुसऱ्यानं बेल दिली की मी गाडी हलवली, आता बेल माझ्याकडं आली होती. पण ती कंडक्टरची बायको नव्हती, ड्रायव्हरची होती. तिला पटलं तरच ती थांबायची. एखाद्या दुकानाच्या काचेत कापडाचं ठाण दिसलं की मी कितीही डबल म्हणालो तरी पावणा हलायचा नाही. "थांबा ओ. ह्या रंगाचं अस्तर इथं कुठं मिळत न्हाई." गोळ्या सुरू व्हायच्या, पावणा तिथंच मरायचा. "घे अस्तर," मी म्हणायचो. ती हसायची.

गाव सुंदर होतं, पण गेम करणाऱ्यानं छळायचं ठरवूनच केला होता. धुक्यात आपल्याला हातभर दिसायचं नाही, पण त्या धुक्यातले शिपाई आपल्याला लांबून बरोबर टिपायचे. बंदुकीत गोळ्या भरायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात एरवी माझा तंबाखू मळून झाला असता. काही दारं एका बाजूनंच उघडायची. टॉर्च घेतला तर बंदूक खाली ठेवावी लागायची, म्हणजे दिसत होतं तेव्हा मारता येत नव्हतं आणि मारता येत होतं तेव्हा दिसत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण कुठवर आलो ह्याची नोंद वाटेल तिथं करता येत नव्हती. गावात ठरावीक ठिकाणी रेडिओ होते. रेडिओला हात लावला की नोंद. तीही एकच. नवी नोंद झाली की जुनी पुसली जायची. मधे मेलं की मागच्या रेडिओपासून परत सगळं. त्यात आमचं भारनियमन. रेडिओचं गाणं ऐकू यायला लागलेलं असायचं, दोन घरांपलीकडं असायचा, आणि पंखा मंद व्हायचा. अंधार. अंजना म्हणायची, "झालं! गेलं गावाला!" शेजारची आक्का खिडकीतनं विचारायची, "काय झालं गं? कोण गेलं?" अंजना ओरडून सांगायची, "आमचा पावणा गेला!" आक्का पहिल्यांदा खरंच पदर सावरत आली होती. पुढं तिला सवय झाली. "आज मेला का न्हाई तुमचा पावणा?" असं ती भाजी घेताना विचारायची.

गावाच्या शेवटच्या टोकाला समुद्रात एक दिव्याचा मनोरा आहे. पावण्याला तिथंच जायचं असतं. मनोऱ्याच्या अलीकडं एकच घर, आणि घरात स्वयंपाकघर. अंजनाला ते स्वयंपाकघर लागलं तेव्हा तिनं स्टूल पडद्याजवळ ओढलं. टेबलावर अर्धा पाव, सुरी, उलटी ठेवलेली कपं. शेगडी चालू. शेगडीवर किटली, तिच्यातनं वाफ. खिडकीत पिवळा उजेड आणि बाहेर बर्फ पडतोय. कोपऱ्यात रेडिओ. घरातलं माणूस आत्ताच बाहेर गेल्यासारखं. "गॅस बंद करा की," ती म्हणाली. मी माऊसची दोन्ही बटणं दाबून बघितली. तिनं कीबोर्डवरचं प्रत्येक बटण दाबलं. पावणा वाकला, उडी मारली, बंदूक भरली. किटलीवर गोळी झाडली तर किटली उडून पडते. कपं फोडता येतात. पण शेगडी बंद करायची सोय नाही. "असलं कसलं," ती म्हणाली. "फोडायला येतंय आणि बंद करायला येत न्हाई." त्यानंतर आम्ही त्या स्वयंपाकघरात किती वेळा परतलो त्याला गणती नाही, कारण त्याच्या पुढं शिडी होती. प्रत्येक वेळी मेल्यावर तिथंच उभे. आणि प्रत्येक वेळी निघताना ती शेगडीकडं वळायची. "जळंल की ओ सगळं." माझ्या आईचं मुरगूडला चुलीवरचं दूध असंच उतू जायचं, मी शाळेतून येईपर्यंत वास गल्लीत आलेला असायचा. अंजना त्याच्या उलट. जेवायला बसली तरी एकदा उठून शेगडीची कळ बघायची. झोपताना बघायची. गावाला जायला रिक्षात बसलो की रिक्षा थांबवून परत आत जायची.

शिडीनं आम्हाला घोळवलं. मनोऱ्याला बाहेरून लोखंडी शिडी आहे. शिपाई संपवून शिडीला लागायचं, मी वर बघायचं, तिनं टिकली दाबून धरायची. वर बघत पुढं चाललं की पावणा चढतो. खाली बघत पुढं चाललं की उतरतो, नाहीतर सुटतो. हे कळायलाच आम्हाला अर्धा उन्हाळा गेला. आम्ही पहिल्यांदा शिडी चढत होतो तेव्हा फोन वाजला, श्रुतीचा. अंजनानं बोट उचललं आणि त्याच क्षणी पावणा कोसळला. खडक, पाणी, लाल पडदा, स्वयंपाकघर. मी म्हणालो, "शिडीवर बोट उचलतात होय?" सिटी बसच्या आधी मी घाटातला ड्रायव्हर. गगनबावड्याच्या चढाला गाडी थांबवली की मागं जाणार, हे माझ्या अंगात भिनलेलं. नियम झाला, शिडीवर बोट उचलायचं नाही. ती बोटाचं टोक पांढरं होईस्तोवर दाबून धरायची. पण शिडी मध्येच संपते आणि दुसरी शिडी डाव्या अंगाला, हातभर सरकून सुरू होते. आम्ही वेगानं तिथं पोचायचो, मी नजर डावीकडं फिरवेपर्यंत पावणा वरच्या टोकावरून निघून जायचा. हवेत. "वर बगा! तुमी खाली बगतासा म्हणून पडतोय आपण!" "तू लई जोरात नेतीस!" "मग बोट उचलू?" "उचलू नको!" ह्यावरून आमची खरी भांडणं झाली. एकदा ती दोन दिवस स्टुलावर बसली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आवरण काढलं आणि म्हणाली, "वर काय हाय ते बगायचं हाय मला. त्याशिवाय मला काय चैन पडायचं न्हाई." श्रुती फोनवर म्हणाली, "पप्पा, सगळं नेटवर लिहिलेलं असतंय, मी सांगू का कसं चढायचं? आणि दोघं काय खेळताय, गेम एकट्यानं खेळायचा असतोय." अंजनानं माझ्या हातातून फोन घेतला. "सांगू नको गं. आमचं आम्ही चढतो."

मग पोटात दुखायला लागलं. पहिल्यांदा तिनं ते स्टुलावर ढकललं. म्हणाली पाठ नसलेल्या स्टुलावर बसून बसून झालंय. मी स्टूल काढून खुर्ची आणली. खुर्चीतही दुखलं. शेवटचं आम्ही खेळलो त्या दिवशी तिनं पावण्याला रेडिओपाशी नेलं, हात लावला, नोंद झाली. "आज नको शिडी. उद्या जाऊ," ती म्हणाली आणि जाऊन आडवी झाली. मग दवाखाने, सोलापूरहून कोणी आणलेला काढा, ऑपरेशन. त्यातही ती विचारायची. कॉटवर पडल्या पडल्या, सलाईनचा हात तसाच, उजवा हात माझ्या मनगटावर. "वर गेलासा काय एकटंच?" "न्हाई." "मग दुपारचं करतासा काय घरात?" "भांडी घासतो." "जावा की वर. मला येऊन सांगा काय हाय ते." मी म्हणालो, "तू आल्यावर जाऊ." तिनं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाली, "गॅस बंद करून आलासा न्हवं?" मी हो म्हणालो. करून आलो होतो. तिच्यामुळं मलाही सवय लागली होती. पण नंतर, ती गेल्यावर, सवय गेली. दोनदा भात करपला. एकदा आक्का आत येऊन ओरडली.

ती गेल्यावर पहिल्यांदा कॉम्प्युटर लावला तेव्हा मला काही खेळायचं नव्हतं. आवरण धुवायला काढलं होतं, म्हणून लावला. आणि पावणा स्वयंपाकघरात उभा होता. रेडिओपाशी, जरा तिरका. किटली डाव्या हाताला, खिडकी उजव्या. ती तशीच उभी करायची, म्हणजे निघताना शेगडी नजरेला पडावी. नजर माझी होती पण उभं तिनं केलं होतं. मी माऊस हलवला नाही. वीज जाईपर्यंत बसून राहिलो. नंतर रोज दुपारी लावायला लागलो. डाव्या हातानं टिकली दाबून बघितली. हात अडाण्यासारखा वागला, पावणा भिंतीवर आपटत दारातून बाहेर पडला आणि पहिल्याच गोळीला मेला. परत स्वयंपाकघर. मला बरं वाटलं. ज्या गोष्टीला आम्ही एवढ्या शिव्या घातल्या, तीच आता माझ्या कामाची झाली होती. किती का मरेना, तो तिथंच येणार. तिनं उभं केलेल्या जागी. वर मनोऱ्यात दुसरा रेडिओ असणार हे मला माहीत होतं, कारण शिडीवर ते गाणं वरून ऐकू येतं. त्याला हात लागला की ही नोंद पुसली. मग कॉम्प्युटर लावला की मनोरा दिसणार, स्वयंपाकघर नाही. परत फिरून ह्या घरात यायची वाट गेम ठेवत नाही. मागची दारं बंद होतात. म्हणून मी चढायचा प्रयत्न करत होतो आणि पडलो की सुटल्यासारखं वाटत होतं. तिनं जावा म्हणून सांगितलं होतं. मी रोज जात होतो आणि रोज परत येत होतो. हाताला मात्र हळूहळू कळायला लागलं. अंगणातले शिपाई मी एकट्यानं मारायला लागलो. हात शिकत होता ह्याचाच मला राग यायचा.

चन्नवीरच्या दुकानातनं आलो, चप्पल काढली, चहाचं आधण ठेवलं. दोन कप पाणी घातलं, नेहमीसारखं. नवा माऊस जोडला. तळाशी लाल उजेड लागला. गोळी नाही, घरघर नाही, नजर अशी फिरली की मीच दचकलो. खिडकीबाहेर पडणारा बर्फ इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. मी निघालो. अंगणातले दोघे शिपाई सरळ टिपले गेले, त्यांनी गोळीही झाडली नाही. शिडीला लागलो. वर बघितलं. टिकली दाबली. एक टिकलीच उरली होती, अर्धी निघालेली, तिच्या कडेला बोट घासत होतं. लोखंडावर पावण्याच्या बुटांचा आवाज. पावणा पहिल्या शिडीच्या मध्यावर होता आणि वास आला. चहापत्ती घातली नव्हती, तर नुसत्या पाण्याला कसला वास, असं पहिल्यांदा वाटलं. मग कळलं, पाणी आटून पातेलं तापत होतं. पातेल्यालाच वास होता. मी टिकली दाबून धरली. बोट उचललं तर खडक. आत्ता उतू जायला काही नाही, तापू दे थोडं, ह्या शिडीचं टोक हातभर राहिलंय. आणि डाव्या बाजूनं, खुर्ची होती तिथनं, मला स्पष्ट वाटलं की कोणीतरी उठायला लागलंय. रिक्षा थांबवून आत जायला उठायची तसं. मी बोट उचललं आणि उठलो. पडू दे. स्वयंपाकघरात गेलो, कळ फिरवली, पातेलं काळं पडलं होतं, त्यावर पाणी ओतलं तर चर्र झालं. खिडकी उघडली. कळ परत एकदा बघितली. दारात उभं राहून आणखी एकदा बघितली.

परत आलो. पडदा लाल असेल, किंवा पावणा रेडिओपाशी उभा असेल, असं धरूनच खुर्चीत बसलो. पावणा शिडीवरच होता. दोन्ही हात लोखंडाच्या पायरीला धरलेले. वारा सुटला होता, बर्फ आडवा उडत होता, आणि तोंडासमोर वाफ येत होती, जात होती. कोणी काही दाबलेलं नव्हतं. कोणी धरलेलं नव्हतं. तो आपला आपण लोंबकळत होता, हात न सोडता. मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बघत बसलो. म्हणजे त्या पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा बोट उचलल्यानं काही झालं नव्हतं. धुक्यातून कोणाची तरी गोळी लागली असणार, एवढंच. आणि आम्ही त्याचा नियम केला. बोटं पांढरी होईस्तोवर दाबून धरली, भांडलो, ती दोन दिवस बसली नाही. थांबलो असतो तर शिडीच्या टोकाला सावकाश डावीकडं बघता आलं असतं. त्याच उन्हाळ्यात वर गेलो असतो. मला हसू आलं. अगदी मोठ्यानं. "अंजने," मी म्हणालो, "थांबलं की पडत न्हाई गं." खिडकीतनं आक्का म्हणाली, "काय झालं ओ? कसला वास हाय?" मी म्हणालो, "काय न्हाई आक्का. पातेलं जळलं." "आणि पावणा?" "हाय अजून."

मग मी एकेक पायरी चढलो. दाबायचं, सोडायचं. पहिली शिडी संपली तिथं थांबलो. नजर डावीकडं नेली. दुसरी शिडी तिथंच होती, अगदी हाताशी. तिच्यावरही तसाच चढलो. वरून गाणं मोठं व्हायला लागलं, त्याच बाईचं. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या तेव्हा मी बोट उचललं. खाली बघू नका, ती म्हणायची. आता बघायला हरकत नव्हती. मी खाली बघितलं. काळं पाणी, पांढरे खडक, आणि एकुलतं एक घर, आगपेटीएवढं. त्याच्या खिडकीत पिवळा उजेड. इतक्या वर्षांत तो बाहेरून आम्ही कधी पाहिला नव्हता. आत किटली अजून उकळत असणार. मला पाहिजे तेवढा वेळ मी ते बघितलं. वीजही गेली नाही.

मग नजर वर आणली. डावा हात कीबोर्डवर नेला. बोटाला टिकली सापडली.

"डबल," मी म्हणालो, आणि दाबली.